कानातलं पाणी आणि चार दिवसांचे उपाय : विहिरीवर पोहणाऱ्या एका मुलाचं प्रकरण

रुग्ण ११ वर्षांचा मुलगा. राहणारा पुण्याचा, उन्हाळ्याच्या सुट्टीत सातारा जिल्ह्यातल्या आजोळी आलेला. तक्रार त्याच्याच शब्दांत : "उजव्या कानात पाणी गेलंय, निघतच नाही." आज पाचवा दिवस. काल रात्रीपासून कान ठणकतोय, त्या कुशीवर झोपता आलं नाही, सकाळी भाकरी चावतानाही दुखलं. ताप नाही. सोबत आजी आणि मामा.

तपासल्यावर त्या कानात पाणी म्हणावं असं काही उरलंच नव्हतं. मळ होता, तेल होतं, सुजलेली आणि खरचटलेली कातडी होती. या मुलाला त्रास झाला तो पाण्यामुळे थोडा आणि पाणी काढायच्या खटपटीमुळे बराच. असे रुग्ण दर उन्हाळ्यात येतात, त्यामुळे हे प्रकरण क्रमाने मांडतो. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

रविवार ते बुधवार

मळ्यातली विहीर. पूर्वी पोहायला शिकताना पाठीला वाळलेला भोपळा किंवा पांगाऱ्याचं लाकूड बांधत, आता प्लास्टिकचा रिकामा कॅन बांधतात. याचा कॅन दोन दिवसांत सुटला आणि रविवारी सकाळी काठावरून मुटके मारायची चढाओढ सुरू झाली. एका मुटक्यानंतर वर आला तेव्हा दोन्ही कानांना दडे बसले होते. बरोबरच्या पोरांनी त्यांचा इलाज सांगितला. उन्हात तापलेला गुळगुळीत दगड कानाला लावायचा, मान त्याच बाजूला कलती करायची आणि एका पायावर उड्या मारायच्या. डावा कान मोकळा झाला, उजवा तसाच राहिला.

दुपारी मामीने त्या कानात इअरबड फिरवला. कापसाला तपकिरी मळ लागून आला, म्हणजे कान साफ झाला असं सगळ्यांना वाटलं. मुलगा मात्र सांगतो की त्यानंतर आणखीच कमी ऐकू यायला लागलं. रात्री आजीने खोबरेल तेलात लसणाच्या पाकळ्या तळून, तेल कोमट होऊ देऊन चार थेंब सोडले आणि वर कापसाचा बोळा लावला. सोमवारी स्वारी पुन्हा विहिरीवर. मंगळवारी कान खाजू लागला, तेव्हा पेनच्या टोपणाचा दांडा कामाला आला. हे त्याने आजीच्या देखत सांगितलं नाही, ती औषधाच्या चिठ्ठीसाठी बाहेर गेल्यावर सांगितलं. बुधवारी मामाने मेडिकलमधून "कान दुखतोय" एवढं सांगून थेंबांची बाटली आणली. थेंब घालताच कान चुरचुरला आणि रात्री ठणका सुरू झाला.

या यादीत दोषी कोण, हा प्रश्न आजीच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होता. तिचं तेल सर्वांत कमी दोषी होतं, हे आधीच सांगून टाकतो. कोमट तेलाने मळ मऊ होतो, म्हणून तेलाचे थेंब दवाखान्यातही वापरले जातात. फक्त आत ओल अडकलेली असताना तेल ओतून वर बोळा लावला की ओल सुकायची वाट बंद होते. लसूण मात्र नको. कच्ची असो वा तळलेली, कानाच्या नाजूक कातडीवर ती झोंबू शकते.

पाणी अडकतं कुठे

कानाच्या छिद्रापासून पडद्यापर्यंतची नळी मोठ्या माणसात साधारण २.५ सेंटिमीटर असते. बाहेरचा एक तृतीयांश हिस्सा कूर्चेचा, म्हणजे मऊ, लवचीक हाडाचा, आतला दोन तृतीयांश हाडाचा. नळी सरळ नसते, किंचित नागमोडी असते. मध्ये ती अरुंद होते, आणि पडदा तिरका असल्याने त्याच्या पुढच्या-खालच्या बाजूला एक छोटा खळगा तयार होतो. पाणी थांबतं ते बहुतेक वेळा या खळग्यात. अरुंद नळीत पाण्याचा पृष्ठताण त्याच्या वजनाला भारी पडतो. नळीत पुढे मळाचा खडा असेल तर तो आणि नळीची भिंत यांच्यामधल्या केसाएवढ्या फटीत पाणी ओढलं जातं आणि मग नुसतं डोकं वाकवून खाली येत नाही.

मळ म्हणजे घाण, हा समज काढून टाकायला हवा. मळ चिकट आणि थोडा आम्लधर्मी असतो, पाण्याला कातडीवर टिकू देत नाही, जंतूंना वाढू देत नाही. कातडीचा वरचा थर हळूहळू बाहेर सरकत असतो आणि मळाला सोबत घेऊन येतो. कान स्वतःच झाडलोट करतो. बड आत गेला की हा प्रवास उलटा होतो. थोडा मळ कापसाला लागून बाहेर येतो, बाकीचा पडद्याच्या दिशेने ढकलला जातो. त्यात भर म्हणजे मळ पाण्याने फुगतो. म्हणूनच रविवारी सकाळी ज्या कानात मळाशेजारून ऐकू यायला थोडी वाट होती, ती दुपारी बंद झाली. मामीला दिसला तो बाहेर आलेला मळ. आत गेलेला कोणाला दिसणार?

एक प्रश्न, ज्यावर सगळं अडलं

पाणी गेल्याची तक्रार घेऊन येणाऱ्याला नेहमीचे प्रश्न विचारावे लागतात. पाण्यावर आपटताना कानात फटकन कळ आली होती का? रक्त आलं का? चक्कर? पूर्वी कधी कान वाहिला होता? पडद्याचं ऑपरेशन, पडद्यात बारीक नळी बसवणं वगैरे? पहिल्या तिन्हींना मुलाचं उत्तर "नाही". चौथ्याला आजी गप्प झाली आणि मामाने मुलाच्या आईला फोन लावला. आई म्हणाली, तीन वर्षांचा असताना सर्दीनंतर उजवाच कान बरेच महिने वाहत होता, नंतर आपोआप थांबला. पुढे कोणी तपासला नव्हता.

म्हणजे पडद्याला एकेकाळी भोक होतं. ते बुजलं की नाही, कोणालाच माहीत नाही, आणि आज नळी इतकी सुजलेली की पडदा दिसत नाही. पडदा अखंड आहे असं माहीत नसेल तर तो फाटका आहे असं धरूनच चालायचं. त्यामुळे पिचकारीने कान धुणं बाद, स्पिरिट किंवा व्हिनेगर बाद, हायड्रोजन पेरॉक्साइड बाद. मेडिकलची बाटली वाचून पाहिली. त्यात अमिनोग्लायकोसाइड गटातलं प्रतिजैविक होतं. पडद्याला भोक असेल तर या गटातली औषधं आतल्या कानापर्यंत पोहोचून ऐकण्याच्या पेशींना इजा करू शकतात. तीही बंद.

दुकानदाराने मुद्दाम चुकीचं दिलं असं नाही. "कान दुखतोय" या दोन शब्दांवर बरोबर औषध देता येईल असं दुकान जगात नसावं.

तपासणी

आधी न दुखणारा कान पाहायचा. मुलाचा विश्वास बसतो आणि तुलनाही मिळते. डाव्या कानात अर्धी नळी भरेल इतका मळ, बाजूने पडदा दिसतो, तो चांगला. उजव्या कानाच्या छिद्रासमोरची छोटी कूर्चा बोटाने दाबताच मुलगा कळवळला. कानाची पाळी, म्हणजे बाहेर दिसणारा सगळा कान, वर ओढल्यावरही तसंच. ही खूण घरीही लक्षात ठेवण्यासारखी आहे. पाळी ओढून किंवा ही कूर्चा दाबून दुखणं वाढलं तर आजार बहुधा बाहेरच्या नळीचा असतो. पडद्यामागच्या आजारात, म्हणजे सर्दीनंतरच्या कानदुखीत, पाळी ओढून सहसा फरक पडत नाही.

दुर्बिणीतून उजवी नळी लाल, सुजलेली, ओलसर पांढरट चोथ्याने भरलेली. त्यामागे काळपट मळ. काळे ठिपके आणि भिजलेल्या वर्तमानपत्राच्या लगद्यासारखं काही दिसतंय का, हे मुद्दाम पाहिलं. तो ॲस्परजिलस बुरशीचा चेहरा. कोकणासारख्या दमट भागात आणि पावसाळ्यात ती बरीच दिसते आणि तिला साधे प्रतिजैविक थेंब घालत बसलं तर ती आणखी फोफावते. इथे ती नव्हती. कानामागे सूज नव्हती, चेहऱ्याच्या हालचाली दोन्ही बाजूंना सारख्या होत्या.

मग ५१२ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क. कपाळावर टेकवल्यावर आवाज उजवीकडे जास्त आला, आणि उजव्या कानामागच्या हाडावर जो आवाज मोठा वाटला तो कानासमोर धरल्यावर लहान झाला. म्हणजे वाटेत अडथळा आहे, नस ठीक आहे.

यावर थोडं थांबतो, कारण मोठ्यांच्या बाबतीत इथेच घात होतो. "कानात पाणी गेल्यासारखं वाटतंय" असं सांगत येणाऱ्या प्रत्येकाच्या कानात पाणी गेलेलं नसतं. एखाद्या सकाळी उठल्यावर अचानक एक कान बंद वाटतो, आंघोळीचं पाणी गेलं असेल म्हणून माणूस आठवडाभर कान झटकत बसतो, आणि प्रत्यक्षात ऐकण्याची नस अचानक कमजोर झालेली असते. त्यावर स्टेरॉइडचा उपचार पहिल्या काही दिवसांत सुरू झाला तर श्रवण परत येण्याची संधी असते. दोन आठवडे उलटले की ती फार कमी होते. घरी अंदाज घेण्याची एक सोपी युक्ती आहे. ओठ मिटून एकाच सुरात हुंकार भरायचा. पाणी किंवा मळ असेल तर हुंकार बंद कानात जास्त घुमतो. एका कानात बोट घालून करून पाहा, आवाज लगेच त्या बाजूला सरकेल. उलट तो चांगल्या कानात जास्त आला, तर वाट पाहू नका, त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे जा. ही युक्ती तपासणीची जागा घेत नाही, पण धाव घ्यायची की नाही हे सांगते.

निदान झालं ते असं : अडकलेल्या मळावर बाहेरच्या नळीचा तीव्र दाह, ज्याला इंग्रजी बोलीत 'स्विमर्स इअर', म्हणजे पोहणाऱ्यांचा कान म्हणतात, पडद्याची स्थिती अज्ञात. अशा दाहामागे बहुतेक वेळा स्युडोमोनास किंवा स्टॅफिलोकॉकस हे जिवाणू असतात. दोघांना ओल आवडते, आणि खरचटलेली कातडी म्हणजे आत शिरायला उघडं दार.

उपचार

त्या दिवशी मळ काढला नाही. आजीला हे पटलं नाही. "एवढ्या लांबून आलोय, काढून टाका ना डॉक्टर." पण सुजलेल्या नळीतून घट्ट मळ ओढणं म्हणजे मुलाला कायमचा कानाचा धसका बसवणं. सूक्ष्मदर्शकाखाली पातळ सक्शनने फक्त ओला चोथा काढला. नळीत औषधाने भिजवलेली बारीक वात ठेवली, म्हणजे सुजेतून थेंब आतपर्यंत पोहोचतील. थेंब सिप्रोफ्लॉक्सासिनचे, कारण भोक असलं तरी ते चालतात. दुखण्यासाठी वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल. पोटात घ्यायचं प्रतिजैविक दिलं नाही. दाह नळीपुरता असेल आणि मुलाची तब्येत एरवी ठणठणीत असेल तर त्याची गरज नसते.

आंघोळीला व्हॅसलिन लावलेला कापूस कानाच्या तोंडाशी, आत नाही. डोक्यावरून पाणी नाही. विहीर बंद. शेवटच्या अटीवर वाटाघाटी झाल्या, मुलगा हरला.

शनिवारी वात काढली, ठणका गेलेला होता. पुढच्या गुरुवारी सूज ओसरली होती, मळ मऊ झाला होता आणि तो अखंड निघाला. आतमध्ये पडदा दिसला. अखंड, पण त्यावर खडूसारखा पांढरा डाग. लहानपणीच्या आजाराचा तो वण. म्हणजे भोक केव्हाच बुजलं होतं. मळ निघाल्याबरोबर मुलाने पंख्याचा आवाज किती मोठा आहे अशी तक्रार केली.

मग स्पिरिटचे थेंब चालले असते का? पडद्याच्या दृष्टीने चालले असते, पण खरचटलेल्या कातडीवर आग झालीच असती.

रविवारी सकाळी काय करायला हवं होतं

फार काही नाही. बंद कान जमिनीकडे करून मान कलती करायची आणि कानाची पाळी हलकेच वर आणि मागे ओढायची, म्हणजे नळीचा नागमोडी भाग सरळ होतो. दोन-तीन वर्षांपर्यंतच्या मुलांत मात्र पाळी खाली आणि मागे ओढतात, कारण त्यांची नळी वेगळ्या कोनात असते. त्याच स्थितीत तोंड उघड-मीट करायचं किंवा जांभई द्यायची, जबड्याच्या हालचालीने कूर्चेचा भाग हलतो. नाही निघालं तर टॉवेल घेऊन त्या कुशीवर दहा-पंधरा मिनिटं पडायचं. तळहाताची वाटी करून कानावर धरून हलकेच दाब देऊन सोडला तरी थेंब सुटतो. फक्त कान खाली हवा, वर असेल तर पाणी आत जाईल. घरी हेअर ड्रायर असेल तर सर्वांत कमी उष्णतेवर, हातभर लांबून, सतत हलवत, कोरड्या खोलीत. बाकी काम शरीराची ऊब करते. नुसतं अडकलेलं पाणी बहुतेकदा काही तासांत निघतं किंवा सुकतं.

आता पोरांच्या दगडाबद्दल. कान खाली, बाहेरून ऊब, आत काहीही नाही. चटका बसेल इतका तापलेला नसेल तर मी या दगडाला इअरबडपेक्षा कितीतरी जास्त गुण देईन.

उड्यांना मात्र कमी. डोकं जोरात झटकून पाणी काढणं किती अवघड आहे हे अमेरिकेतल्या कॉर्नेल आणि व्हर्जिनिया टेक विद्यापीठांतल्या संशोधकांनी काचेच्या नळ्या आणि त्रिमितीय छपाईने बनवलेल्या कानाच्या नळ्या वापरून मोजलं आणि २०१९ मध्ये सिएटल इथल्या भौतिकशास्त्रज्ञांच्या सभेत मांडलं. नळी जितकी अरुंद, तितका झटका मोठा लागतो. तान्ह्या बाळाच्या मापाच्या नळीतून पाणी उडवायला गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे दहापट प्रवेग हवा, आणि तेवढा धक्का बाळाच्या मेंदूला धोकादायक ठरू शकतो. मोठ्यांना एवढा लागत नाही. पण बाळाचं डोकं हलवून कानातलं पाणी काढायचा विचारही नको.

विहिरीवरची आणखी एक रीत म्हणजे कानात पुन्हा पाणी भरून मान उलटी करणं. यामागे तर्क आहे. छोटा थेंब मोठ्या थेंबाला मिळतो आणि वजनाने खाली येतो. स्वच्छ पाणी आणि अखंड पडदा असेल तर ती चालते. पण मे महिन्यात तळाला गेलेल्या विहिरीचं शेवाळलेलं पाणी पुन्हा कानात भरणं मला पटत नाही. आणि पाणी फार थंड किंवा गरम असेल तर गरगरायला लागतं. कान धुताना पाणी अंगाच्या तापमानाचं नसलं की रुग्णांना चक्कर येते, हे व्हिएन्नाच्या रॉबर्ट बाराणी यांनी हेरलं आणि त्यातून तोल तपासायची चाचणी उभी राहिली. त्यांना १९१४ चं नोबेल मिळालं. विहिरीच्या काठावर उभ्या मुलाला चक्कर येणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

नेटवर हमखास सापडणारं मिश्रण म्हणजे अर्धं स्पिरिट, अर्धं पांढरं व्हिनेगर. स्पिरिट पाण्यात मिसळून त्याचा पृष्ठताण कमी करतं आणि लवकर उडून जातं. व्हिनेगर नळीची आम्लता परत आणतं. रोज तलावात पोहणाऱ्या आणि कान एकदा तपासून घेतलेल्या मोठ्या माणसाला ते उपयोगी पडतं. पण कान दुखत असेल, खरचटलेला असेल, कधी वाहिला असेल, पडद्यात नळी बसवलेली असेल तर अजिबात नको. मुलांसाठी घरी हे मिश्रण बनवू नये असं माझं मत आहे. आपल्याकडे स्पिरिट म्हणून घरात काय-काय ठेवलेलं असतं ते पाहिलंय, त्यात सॅनिटायझरही आला.

दोन दिवसांनीही दडा सुटला नाही तर दाखवावं. दुखणं, वाहणं, रक्त, ताप, चक्कर किंवा चेहरा वाकडा होणं यांतलं काही असेल तर दोन दिवसही थांबू नये.

पुढे

मळ निघाला त्या दिवशी मुलाचा एकच प्रश्न होता. मी आणखी आठवडाभर कोरडं ठेवायला सांगितलं, म्हणजे सुट्टीचे शेवटचे काही दिवस त्याला मिळाले. कानाला सिलिकॉनचं बूच, बाहेर आल्यावर मान कलती करून टॉवेलने बाहेरूनच टिपणं, आणि मुटके मारायचे तर कानाची बाजू पाण्यावर आपटणार नाही असे. सपाट आपटल्याने चांगला पडदाही फाटतो, याचा तर जुना वणाचा.

जाता-जाता आजीने विचारलं, "माझेपण धुऊन द्या की." आजीला बारा वर्षांची शुगर. मधुमेही आणि वयस्क माणसाच्या कानात नळाच्या पाण्याची पिचकारी मारून झालेल्या साध्या इजेतून स्युडोमोनासचा संसर्ग कवटीच्या तळाच्या हाडापर्यंत पसरल्याची उदाहरणं वैद्यकात नोंदलेली आहेत. रात्री झोप उडवणारी कानदुखी ही त्याची पहिली खूण असते. त्यामुळे आजीचे कान धुतले नाहीत. सूक्ष्मदर्शकाखाली कोरडेच साफ केले, आणि साखरेचा ताजा रिपोर्ट घेऊन महिन्याने यायला सांगितलं.